कॅनडातल्या आमदाराचा निवडणूक रेकॉर्ड कसा बघायचा

ब्रिटिश कोलंबिया (बीसी) या कॅनडातल्या प्रांताचं उदाहरण घेऊ, तिथली माजी मुख्यमंत्री क्रिस्टी क्लार्क, कारण हिचा रेकॉर्ड बघताना सगळे घोळ एकदम कळतात. तिकडे मतदारसंघाला रायडिंग म्हणतात. आधी इलेक्शन्स बीसी, म्हणजे त्या प्रांताच्या निवडणूक आयोगाच्या साइटवर जा, स्टेटमेंट ऑफ व्होट्स नावाचे रिपोर्ट असतात, त्यात उमेदवारवार मतं मिळतात. पण फक्त जनरल इलेक्शनचे बघू नका हं, पोटनिवडणुका वेगळ्या असतात आणि तिथेच लोक चुकतात. मे 2011 मध्ये ती व्हँकुव्हर-पॉइंट ग्रेमधून पोटनिवडणूक जिंकली, डेव्हिड एबीला हरवून. 2013 ला त्याच एबीने तिला तिथेच पाडलं, म्हणजे बघा, तिची पार्टी जिंकली आणि मुख्यमंत्री, तिकडे प्रीमियर म्हणतात, स्वतः घरी! मग जुलैमध्ये वेस्टसाइड-केलोनातून पोटनिवडणूक लढून परत आली. 2017 ला मात्र ती केलोना वेस्टमधून दिसेल, तर गोंधळू नका, तिकडे सीमा आखताना नावं बदलतात. म्हणून नावावरून सर्च करण्याआधी त्या वर्षीचा नकाशा उघडून बघाच. आणि हो, तो एबी नंतर 2022 मध्ये स्वतः प्रीमियर झाला, त्याचाही रेकॉर्ड असाच काढून बघा, 2011 च्या पराभवापासून सुरू करा.