डॉल्बीच्या दिवसांचं गाणं, अ‍ॅसिड हाऊसच्या ठेक्यावर

अ‍ॅसिड हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात गळ्यापेक्षा यंत्र जास्त बोलतं. म्हणून आपल्या तारुण्याचं गाणं यात बांधायचं असेल तर आधी यंत्राची ओळ बसवा, शब्द मागाहून.

ती ओळ रोलँड टीबी-३०३ ची. या बेस-यंत्राचं उत्पादन १९८४ मध्ये थांबलं. पुढे शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याचे नॉब पिळत वाजवलं आणि १९८७ मध्ये त्यांची तबकडी निघाली. मूळ यंत्र आता फार महाग आहे. त्याची नक्कल असलेलं बेहरिंगर टीडी-३ किंवा संगणकातलं एखादं प्लगइन पुरतं.

वेग १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) ठेवा, म्हणजे चार ठोक्यांचा एक बार बरोबर २ सेकंदांचा होतो आणि हिशोब सोपा जातो. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) चारही ठोक्यांवर, क्लॅप (टाळी) दुसऱ्या-चौथ्यावर, उघडी हायहॅट (झांज) दोन ठोक्यांच्या मधोमध.

३०३ च्या एका बारातल्या १६ घरांपैकी (स्वरांच्या जागांपैकी) १० किंवा ११ भरा. बहुतेक ठिकाणी सा, दोनदा वरचा सा, एखादा कोमल रे किंवा कोमल ग. रागाचे स्वर या यंत्रावर उत्तम बसतात. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ते वापरून दहा राग वाजवले होते. अ‍ॅक्सेंट (जोर दिलेले स्वर) तीन, स्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) तीन-चार. सगळीकडे स्लाइड दिला तर स्वराची सुरुवातच ऐकू येत नाही आणि ठेका ढिला पडतो.

आता खरं काम कटऑफचं, म्हणजे आवाजाचा तीक्ष्ण भाग किती बाहेर पडेल ते ठरवणाऱ्या नॉबचं. गाण्यातलं वय इथे वाढतं. शाळकरी दिवसांच्या कडव्यात कटऑफ पाव उघडा, रेझोनन्स (आवाजाला शिट्टीसारखं टोक देणारा नॉब) पाऊण. मिरवणुकीचं कडवं आलं की ३२ बारांत, म्हणजे ६४ सेकंदांत, तो हळूहळू पूर्ण उघडा. ही हालचाल माउसने रेघ ओढून करू नका. नॉब हाताने फिरवून रेकॉर्ड करा. सरळ रेघेत माणूस जाणवत नाही.

शब्द गाऊ नका, बोला. माइक वीतभर लांब. एक बार ओळ, एक बार रिकामा. त्या जागेत ३०३ उत्तर देतं. रंकाळा, महाद्वार रोड, बिंदू चौक अशी कोल्हापूरची नुसती नावं ओवल्याने आत्मकथन होत नाही, तिथे तुम्ही काय केलं ते हवं. ‘किती छान दिवस होते’ थेट काढून टाका. असं काही चालेल:

पापाच्या तिकटीला डॉल्बी थांबला,
कानात शिट्टी घेऊन घरला गेलतो.

दुसऱ्या ओळीनंतर रेझोनन्स वर न्या, शिट्टी ऐकूच येते. आणि बोली आपलीच ठेवा. ‘गेलो होतो’ने ओळ लांबते आणि परकीही वाटते.

हलगी घालायचा मोह होईल. ती झुलत्या लयीत वाजवलेली असेल तर १६ सरळ घरांवर आदळते. वादकाला कानात क्लिक देऊन नव्याने वाजवून घ्या, आणि हलगी चालू असताना कटऑफ खाली ठेवा, नाहीतर दोन्हींचा तीक्ष्ण भाग एकत्र येऊन कान दुखतात.

मिक्समध्ये ३०३ चा ९० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा किकची. तुमचं बोलणं सुरू असताना ३०३ मधून २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबलने उतरवा, नाहीतर शब्दांतली व्यंजनं बुडतात. शेवटी मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐका. रुंदी वाढवणारा इफेक्ट लावला असेल तर मोनोत ओळ बारीक होते. तसं झालं तर तो इफेक्ट काढा.