जुन्या मॅकमधील इतर कंपनीची एसएसडी आणि ट्रिम

जुन्या मॅकबुक प्रोमधील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी दुसऱ्या कंपनीची साटा जोडणीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवल्यास मॅक-ओएस तिच्यासाठी ट्रिम हे तंत्र आपणहून सुरू करत नाही. ॲपलने स्वतः पुरवलेल्या एसएसडीसाठी मात्र ते सुरूच असते. फाइल पुसली, तरी तिची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळत नाही आणि ट्रिमची आज्ञा नेमके तेवढेच कळवते. ती न मिळाल्यास एसएसडी निरुपयोगी माहितीही जपून इकडून तिकडे हलवत राहते, त्यामुळे लिहिण्याचा वेग मंदावतो आणि झीज वाढते.

प्रथम मॅकमधील सिस्टिम इन्फॉर्मेशन हे ॲप उघडून साटा विभागात ‘ट्रिम सपोर्ट’समोर काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे ‘नो’ असल्यास आधी संपूर्ण बॅकअप घ्यावा (ही पायरी टाळण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा), मग टर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या ॲपमध्ये ‘सुडो ट्रिमफोर्स एनेबल’ (sudo trimforce enable) ही आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावी. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, त्याने गोंधळू नये. त्यानंतर माहिती गमावण्याच्या शक्यतेचा इशारा येतो. तो वाचून होकार दिल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो.

ही आज्ञा २०१५ मध्ये मॅकच्या योसेमिटी या प्रणालीच्या १०.१०.४ आवृत्तीत आली. एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, अधिक वेगवान पद्धतीच्या) एसएसडीसाठी तिची गरज नसते. विंडोज ७ पासून पुढे ट्रिम अंगभूत आहे, त्यामुळे तेथे सहसा वेगळे काही करावे लागत नाही.