मोटारबोटीसाठी हवेची डिंगी निवडताना: पयले चिखूल बघा

आमची तीस फुटी मोटारबोट माझी आणि माझ्या मावसभावाची, निम्मी-निम्मी. ती बेलापूरच्या खाडीत बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. धक्क्यापासून तिच्यापर्यंत पोचायचं तर डिंगी, म्हणजे हवा भरून फुगवायची छोटी होडी, हवीच. पहिली डिंगी आम्ही दुकानात, गालिच्यावर टम्म फुगवून ठेवलेली बघून घेतली: ३.१ मीटर लांब, खाली अॅल्युमिनियमच्या फळ्या. 'चार माणसं आरामात' असं दुकानदार म्हणाला, ते खोटं नव्हतं. पण ती उचलायलाही चार माणसं लागतात, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दिवाळे कोळीवाड्याच्या एका नाखवानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पानी मंग बघा, पयले चिखूल बघा." पुढच्याच रविवारी गुडघाभर रेंद्यात ती ओढताना त्याचं म्हणणं कळलं. वर्षभरात ती विकली. दुसरी घेताना ज्या क्रमाने गेलो, तो क्रम खाली देतो.

पायरी १: आपली बोट मोजा

डिंगी पाण्यात तास-दोन तास असते, बाकी वेळ ती बोटीवर असते. म्हणून ती कुठे ठेवणार हे आधी ठरवा. अठ्ठावीस ते चौतीस फुटी बोटीवर सोयीची जागा म्हणजे मागचा पोहण्याचा मंच. तिथे डिंगी आडवी, एका कुशीवर उभी करून अडकवतात. बोटीची रुंदी साधारण ३ मीटर असेल तर २.४ ते २.७ मीटरची डिंगी दोन्ही बाजूंना बाहेर न येता बसते. आमची ३.१ची दोन्हीकडून बाहेर डोकावायची आणि धक्क्याला लागताना तिचं नाक प्रत्येक वेळी खांबाला घासायचं. मंच किती वजन पेलतो तेही बोटीच्या कागदपत्रांत बघून घ्या. डिंगी उभी केल्यावर मागचा दिवा आणि शिडी झाकली जाते का, हे बघायला जुनी चादर डिंगीच्या मापाची घडी करून तिथे धरली तरी पुरतं.

मागे दोरी बांधून ओढत नेऊ, असं वाटत असेल तर घारापुरीच्या बाजूला लाँचच्या लाटांत एकदा ओढून बघा. रिकामी डिंगी वाऱ्याने उलटते, आणि बोट मागे घेताना ढिली पडलेली दोरी बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात जाते. ओढायचीच असेल तर तिचं इंजिन काढून घ्या आणि तरंगणारी दोरी वापरा.

पायरी २: उतरायची जागा ओहोटीला बघा

भरतीला सगळेच धक्के छान दिसतात. इथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. उधाणाला पाण्याची वर-खाल पाच मीटरच्या जवळ जाते. सकाळी जिथे पायरीवरून डिंगीत पाय टाकला, तिथेच संध्याकाळी पन्नास पावलं चिखल असतो.

जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी उन्हं कलल्यावर सहाला परत येण्याचा बेत केलात तर नेमकी सुकती (पूर्ण ओहोटी) गाठाल, तीही उधाणाची. निघायच्या दिवशी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच, पण बेत आखताना कालनिर्णय पुरतं.

चिखल असेल तर डिंगी हलकी आणि सपाट तळाची बरी. ती घसरत येते. मागे लावायची दोन चाकं दुकानदार हौसेनं दाखवतो. ती पुळणीवर चालतात, आपल्या खाडीत ती रुततात आणि वर आणखी वजन. आम्ही घेतली होती, हवी असतील तर माळ्यावर आहेत. धक्क्याच्या दगडांना कालवं चिकटलेली असतील तर मात्र हिशोब बदलतो. कालवाची धार पायाचा तळवा चिरते, रबर काय चीज आहे! अशा ठिकाणी तळाला कडक कवच असलेली, म्हणजे फायबर किंवा अॅल्युमिनियमच्या बुडाची डिंगी टिकते. फक्त तिची गुंडाळी होत नाही आणि ती उचलायला माणूस बरोबर लागतो.

पायरी ३: गच्चीवर खडूने आखा

कॅटलॉगमधली लांबी-रुंदी बाहेरची असते. २.७ मीटरच्या डिंगीची रुंदी दीड मीटरच्या आसपास, पण दोन्ही बाजूंच्या ट्यूबा चाळीस-चाळीस सेंटिमीटरच्या. उरली सत्तर सेंटिमीटर. सोसायटीच्या गच्चीवर तेवढा चौकोन आखून घरच्यांना आत बसवा, मध्ये एक बर्फाची पेटी ठेवा. माझ्या बायकोने आत बसून पहिला प्रश्न विचारला, "आणि पाय?" तो प्रश्न शोरूममध्ये सुचत नाही.

मग डिंगीवरची पाटी वाचा. किती माणसं, किती किलो, किती अश्वशक्ती, हे तिच्यावर असतं. किलोचा आकडा खरा धरा. चार माणसांचे तीनशे किलो, वर इंजिन, पेट्रोल, पाण्याची बाटली, लहान नांगर, अशी बेरीज करा आणि काठोकाठ जाऊ नका. चार जणांना दोन फेऱ्यांत नेणारी छोटी डिंगी एका फेरीत नेणाऱ्या मोठीपेक्षा रोजच्या वापरात सुखाची, असं माझं मत. मावसभावाचं तसं नाही.

पायरी ४: तळ

लाकडी पट्ट्यांचा तळ सगळ्यात स्वस्त आणि हलका, पट्ट्यांसकट गुंडाळला जातो. पण उभं राहिलं की पायाखाली लिबलिबतो. पूर्ण फळ्यांचा तळ कडक असतो, पण त्या जोडताना बोटं चेमटतात. तिसरा हवेचा तळ. त्यात दोन थरांमध्ये हजारो दोरे विणलेले असतात, त्यामुळे ०.७ ते ०.८ बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की तो पाटासारखा कडक होतो. आम्ही शेवटी हाच घेतला. त्याची एक खोड आहे: खाली चिखल-वाळू शिरते आणि कापड आतून घासत राहते. महिन्यातून एकदा तळ उचलून खाली नळीने पाणी मारावं लागतं.

पायरी ५: कापड

पर्याय दोन: पीव्हीसी (प्लास्टिक) आणि हायपलॉन (कृत्रिम रबर). पीव्हीसी स्वस्त, पण आपल्या उन्हात काही वर्षांनी चिकट होऊ लागते. हायपलॉन महाग, ऊन आणि पेट्रोल जास्त सोसतं. ड्यूपाँटने मूळ हायपलॉनचं उत्पादन केव्हाच थांबवलं; आता त्याच जातीचं रबर इतर कंपन्या करतात आणि नाव मात्र तेच चिकटलंय. डिंगी बारा महिने उघड्यावर राहणार असेल तर हायपलॉन घ्या. दर वेळी घडी करून नेणार असाल तर पीव्हीसी आणि कापडी झाकण पुरे. पंक्चरचा गोंद दोघांचा वेगळा असतो, हे घेतानाच विचारा. जुनी डिंगी घेत असाल तर हात फिरवून बघा: चिकट लागली तर भाव न करता परत या. हाताला बरी लागली तर फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी साबणाचं पाणी लावून मागच्या फळीचा (जिच्यावर इंजिन लावतात तिचा) सांधा तपासा.

पायरी ६: इंजिन

अडीच अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन तेरा-चौदा किलोचं असतं, एका हाताने वर देता येतं. चार अश्वशक्तीला वजन जवळपास दुप्पट होतं. धक्का ते बोट एवढंच जायचं तर अडीच पुरे. वल्ही दोन्ही बरोबर ठेवा, पण ओहोटीच्या ओढीविरुद्ध हवेची डिंगी वल्हवून नेता येईल या भरवशावर राहू नका. इंजिन बंद पाडणारी लाल दोरी मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगात, वीस मीटर जायचं असलं तरी. नोंदणीचं काय लागेल ते मेरीटाईम बोर्डाच्या बंदर निरीक्षकाला आधी विचारून घ्या.

पायरी ७: हवा भरायला शिका

दाबमापक असलेला पंप डिंगीबरोबरच घ्या. बाजूच्या ट्यूबांना साधारण ०.२५ बार लागतात, नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो. एप्रिलमध्ये सकाळी सातला, हवा पंचवीस अंशांवर असताना, आम्ही ०.२५ भरून डिंगी धक्क्यावर ठेवली आणि चहा प्यायला गेलो. करड्या ट्यूबा उन्हात सहज पन्नास अंशांवर जातात आणि मापकावर आकडा ०.३५ दिसतो. आमचा एक सांधा तिथेच तडतडला. उन्हात ठेवायची असेल तर हवा थोडी कमी भरा. पाण्यात उतरवली की ट्यूबा गार होऊन मऊ पडतात, तेव्हा पाच-सहा पंप मारा. कप्पे दोन-तीन असतील तर सगळ्यांत थोडी थोडी करत भरा, नाहीतर दोन कप्प्यांमधला पडदा एका बाजूला ताणला जातो.

मेअखेर डिंगी घरी आणा. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण सुकवा, घड्यांत टाल्कम पावडर टाका. बोटीच्या शेडमध्ये पावसाळाभर ठेवू नका. उंदीर एका रात्रीत घडीच्या चारही पदरांतून आरपार जातो आणि उलगडल्यावर एका रांगेत चार भोकं मिळतात. २.७ मीटरच्या आमच्या डिंगीची घडी नेरूळच्या फ्लॅटमध्ये दिवाणाच्या पेटीत बसते, पंपासकट. वल्ही मात्र बसत नाहीत, ती गणपतीपर्यंत हॉलच्या पडद्यामागे उभी असतात.