फायबरची फिन घरी बनवायची तर फ्लेक्स कसा जमवायचा

कोकणात सर्फिंगला आपल्याला मिळतात त्या लाटा बहुतेक वेळा बसक्या आणि मऊ, आरे-वारेला पाऊस सरल्यावर जे मिळतं ते लाँगबोर्डचंच काम. अशा लाटेत सर्फबोर्डच्या बुडाला पार कडक फिन (माशाच्या परासारखी पाती) लावली की वळताना बोर्ड जड वाटतो, आणि टोकाला जरा लवचीक (म्हणजे फ्लेक्स असलेली) फिन असली की वळणात ती वाकते आणि सुटताना बोर्डला पुढे ढकलते. बंदरावर ताजी सुरमई मिळाली तर शेपटी हातात धरून बघा, मुळाशी एकदम घट्ट आणि टोकाकडे सरकत गेलं की लवत जाते, आपल्याला नेमकं हेच हवंय. कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो या सर्फरने १९६० च्या दशकात माशांच्या शेपटीकडे बघूनच लवचीक फिन बनवल्या होत्या.

सामान बोटीवाल्यांच्याच दुकानात मिळतं. फक्त बोटीला मारतात ती सुट्या काचतंतूंची मॅट घेऊ नका, ती रेझिन खूप पिते आणि फिन जड होऊनही ताकद कमी राहते. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड मागा, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम). ज्यातून फिन कापायची ते सपाट पॅनेल किती जाड करायचं ते तुमच्या बोर्डाचा फिन बॉक्स (फिन बसते ती खाच) ठरवतो, कॅलिपरने मोजून घ्या. हाताने मारलेला एक थर साधारण ०.२ एमएमच्या थोडा वर जातो, म्हणजे ९ एमएमला ४० च्या आसपास थर. ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या पॅनेलला एवढं कापड किलोभर होतं आणि रेझिनही जवळपास तेवढंच लागतं.

आता हे नीट वाचा. रेझिन कडक करायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे मिळाले तर दोघं थेट एकत्र कधीच करायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. एप्रिल-मेच्या गरमीत हार्डनर १ टक्क्याच्या आसपासच ठेवा, आणि ४० थर एका दमात मारू नका, १०-१२ मारून गार होऊ द्या मग पुढचे. मी पहिल्या वेळी घाई केली तर मगमधलं रेझिन धुमसायला लागलं आणि पॅनेलला आतून तडे गेले, सगळं कापड वाया.

काचेवर मेण घासून त्यावर थर मारायचे. बहुतेक थरांचे धागे बुडापासून टोकाकडे सरळ ठेवा, ते वाकण्याला अडवतात, आणि मध्ये मध्ये काही थर ४५ अंशात तिरके टाका, ते पीळ अडवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर काढून फायबरचं काम चालतं, त्या कारागिरांजवळ दोन दिवस उभं राहून रोलरने हवा कशी काढतात ते बघा, असं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. पण स्वतःचं पॅनेल पावसात घालू नका, कापड ओल धरतं.

आकार जिगसॉने कापा, मग ग्राइंडर आणि पॉलिश पेपर. मास्क पाहिजेच, फुल बाह्यांचा शर्ट पण, नाहीतर खाजकुयली लागल्यासारखं दोन दिवस खाजवत बसाल. घासताना एकेक थर उघडा पडतो आणि रेघा दिसायला लागतात, डोंगरउतारावर भाताच्या कुणग्यांचे बांध दिसतात ना तशा. मधल्या फिनला दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्याच दिसल्या पाहिजेत, एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ म्हणजे फॉइल (फिनच्या जाडीचा आकार) वाकडं झालं. सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर ठेवा.

आता फ्लेक्स. घाईने मोजू नका, रेझिन आठवडाभर तरी कडक होत राहतं, आज मऊ वाटलेली फिन आठ दिवसांनी वेगळीच लागते. बूड दोन लाकडांमध्ये धरून व्हाइसमध्ये आडवी आवळा, टोकापासून २ सेंटिमीटर आत दोरीने पाण्याची २ लिटरची बाटली टांगा आणि टोक किती एमएम खाली आलं ते पट्टीवर बघा. माझी ८ इंची फिन आधी ५ एमएम झुकत होती, ८ वर आणली तेव्हा बरी लागली. मग दोरी पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला सरकवून बघा, किती पिळते ते कळतं.

कडक वाटली तर टोकाकडच्या एक तृतीयांश भागातच घासा, बुडाला हात लावू नका, तिथे पातळ केली तर फिन मुळापासून डुगडुगते आणि तो फ्लेक्स काही कामाचा नाही. कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे ६ एमएमची जागा ५.४ केली की जाडी फक्त १० टक्के गेली पण त्या जागेचा कडकपणा पाव भागाहून जास्त गेला! म्हणून दोन्ही बाजूंना मोजून सारखे हात मारा, बाटली टांगा, लिहा, परत घासा.

जास्त मऊ झाली तरी फेकू नका. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून दोन्ही बाजूंना एकेक थर चढवा, बुडापासून दोन तृतीयांशापर्यंत, आणि दोन्ही थर एकाच रेषेवर संपवू नका, तिथेच मोडते. ६ एमएमच्या जागी एवढ्यानेच कडकपणा २० टक्क्यांच्या आसपास वाढतो.

शेवटी रेझिनचा एक हात, वॉटर पेपरने पाण्यात घासणं, आणि परत एकदा बाटली. तो आकडा फिनच्या बुडावर पर्मनंट मार्करने लिहून ठेवा, बॉक्समध्ये जाणाऱ्या भागावर, म्हणजे पुढची फिन बनवताना कुठून सुरुवात करायची ते हातात राहील.