नकाशावरचा खडक, पायाखालचा चिखल: लष्करी भूगर्भशास्त्रात या चुका टाळा

पावसानंतर वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात कोणी ट्रॅक्टर घालत नाही. रणगाडा ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड, आणि सेनापतीला वाफशाची वाट बघायला सवड नसते. म्हणून जमीन आधीच वाचून ठेवणारा भूगर्भतज्ज्ञ सैन्याला लागतो. या कामाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चुका मनावर घ्याव्यात. इथे चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजली जाते.

वरचा थर बघून मत देणे

सर्वांत घातक चूक हीच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी आखलेल्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी किनाऱ्याचे हवाई फोटो भरपूर होते आणि त्यांत दिसत होती सपाट, रुंद पुळण. पण काही ठिकाणी ही वाळू पातळ थरापुरतीच असावी आणि खाली चिकणमाती व पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर असावा, अशी शंका होती. तसं असेल तर गाड्या उतरताच रुतणार! ३१ डिसेंबर १९४३ च्या रात्री लोगन स्कॉट-बाउडेन आणि ब्रूस ऑग्डेन-स्मिथ हे दोन ब्रिटिश सैनिक जर्मन पहाऱ्यातल्या त्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि गिरमिटाने वाळूखालचे नमुने घेऊन परतले. इंग्लंडमध्ये ब्रँकास्टरला असाच किनारा होता, तिथे गाड्या चालवून पाहिल्या. मऊ पट्ट्यांवर जाड कापडाची वाट अंथरत जाणारा ‘बॉबिन’ रणगाडाही तयार झाला.

दोन माणसांचा जीव धोक्यात घालून मूठभर माती आणली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे गिरमिट पोचत नसेल तर निदान विहिरीची कड, ओढ्याची दरड, रस्त्यासाठी कापलेला डोंगर बघा. खालचा थर कशावरूनच कळला नसेल, तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

ऋतू विसरणे

भूगर्भीय नकाशा बारा महिने सारखाच दिसतो, जमीन तशी नसते. बेल्जियममधल्या ईप्रच्या सखल भागात खाली पाणी न मुरू देणारी चिकणमाती आहे. शेतं कोरडी राहत होती ती पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या चरांमुळे. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिशांच्या हल्ल्याआधी तिथे ४० लाखांहून अधिक तोफगोळे पडले, चर उद्ध्वस्त झाले आणि ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला. ईप्रजवळच्या पाशेन्डेलच्या चिखलात माणसं, खेचरं, रणगाडे बुडाले. म्हणजे जमिनीचा प्रकार नोंदवून भागत नाही. पाणी कुठून वाहून जातं आणि ती वाट मोडली तर काय होईल, हेही सांगावं लागतं.

फ्रान्समधल्या खडूच्या खडकात भूजलाची पातळी हिवाळ्यात वर चढते. उन्हाळ्यात कोरडं लागलेलं भुयार तेव्हा पाण्याने भरू शकतं. एकदाच मोजलेल्या पातळीवर विसंबू नका.

निचरा चांगला, म्हणजे जागा चांगली

नॉर्मंडीत तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी चुनखडीचं पठार सोयीचं होतं, कारण पाणी पटकन झिरपून जायचं. पण वर लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली अतिशय बारीक माती होती. कोरड्या हवेत तिचे लोट उठले, ब्रिटिशांच्या टायफून लढाऊ विमानांची इंजिनं झिजू लागली आणि घाईने फिल्टर बसवावे लागले. चिखलाचा विचार करताना धुळीचाही करा.

खडकाचं नाव लिहून थांबणे

‘ज्युरासिक चुनखडी’ वाचून कर्नलला काही कळत नाही. खंदक किती खोल खणता येईल, पाणी कुठे लागेल, जड गाडी जाईल का, हे सांगा. पहिल्या महायुद्धात फ्लँडर्ससाठी, म्हणजे ईप्रच्या आसपासच्या भागासाठी, खोल आसऱ्यांना योग्य-अयोग्य जागा रंगाने दाखवणारे नकाशे केले होते. तो नमुना आजही गिरवण्यासारखा आहे.

आपली उकरलेली माती उघडी टाकणे

बेल्जियममधल्या मेसिनच्या जर्मनांच्या ताब्यातल्या टेकडीखाली ब्रिटिशांना सुरुंग पेरताना वरच्या ओल्या, ढासळत्या वाळूतून खालच्या निळ्या चिकणमातीपर्यंत उतरणं गरजेचं होतं. ऑस्ट्रेलियाचे भूगर्भतज्ज्ञ एजवर्थ डेव्हिड यांचा सल्ला या भुयारी कामात मोलाचा ठरला. पण बाहेर काढलेली निळी माती विमानातून दिसली असती, तर भुयारं किती खोल आहेत हे जर्मनांना रंगावरूनच कळलं असतं. म्हणून ती कटाक्षाने लपवली जाई. ७ जून १९१७ च्या पहाटे १९ सुरुंग उडाले, तोवर ती भुयारं टिकून होती.