भूकंपालेखावरून भूकंपाचे अंतर कसे काढावे
भूकंप किती दूर झाला हे एकाच नोंदणी केंद्रावरच्या भूकंपालेखावरून, म्हणजे तेथील उपकरणाने काढलेल्या थरथरीच्या आलेखावरून काढता येते, आणि त्यासाठी साधा गुणाकार पुरतो. मात्र आलेखातली प्रत्येक थरथर कोठून आली हे माहीत नसेल, तर तो गुणाकार चुकीच्या जागी केला जाण्याचा धोका असतो.

भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे प्रचंड तुकडे, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकत असले, तरी प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकांमधील भेगेच्या, दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे एकमेकांत अडकून राहतात, हळूहळू वाकतात आणि त्यांच्यात ताण साठत जातो. घर्षणाला तो पेलवेनासा झाला की खडक एकाएकी घसरतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरून गेलेली कुंपणे तुटली आणि त्यांची टोके काही ठिकाणी एकमेकांपासून सुमारे ६ मीटर दूर गेली. अशा नोंदींच्या आधारे अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी हे स्पष्टीकरण मांडले. मुक्त झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग खडक भरडण्यात आणि उष्णतेत खर्च होतो. उरलेली ऊर्जा तरंगांच्या रूपाने दूरवर जाते आणि उपकरणापर्यंत तेवढीच पोहोचते.

आलेखावर प्रथम प्राथमिक तरंगाचे आगमन शोधावे. हा तरंग खडकाला आपल्या प्रवासाच्याच दिशेने दाबत आणि ताणत पुढे सरकतो, भूकवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येतो आणि बहुधा तिरपा खालून वर येत असल्यामुळे उभ्या हालचालीच्या नोंदीत चांगला उठून दिसतो. त्यामागून येणारा दुय्यम तरंग खडकाला आडवा हलवतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.५ किलोमीटर असतो, आणि द्रवाला आडव्या ताणाचा प्रतिकार करता येत नसल्यामुळे तो द्रवातून जाऊ शकत नाही. त्याचे आगमन हेरणे नवशिक्याला जड जाते, कारण तोवर प्राथमिक तरंगाची थरथर शमलेली नसते. म्हणून ते आडव्या हालचालीच्या नोंदींवर शोधावे. तेथे रेघ एकदम रुंदावते आणि आंदोलने अधिक संथ होतात.

या दोन आगमनांमधील सेकंद मोजून त्यांना ८.४ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हा आकडा वरील दोन वेगांवरूनच येतो. उदाहरणार्थ, फरक २४ सेकंदांचा असेल तर अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते. प्राथमिक तरंगाला तेवढ्यासाठी साधारण ३४ सेकंद लागले असणार, म्हणून त्याच्या आगमनाच्या वेळेतून तेवढे वजा केले की भूकंपाची मूळ वेळही हाती येते. फार दूरच्या भूकंपांना मात्र हा गुणक लावू नये: त्यांचे तरंग भूकवचाखालच्या प्रावरणातून अधिक वेगाने येतात आणि तेथे प्रवासकालाचे तयार तक्तेच वापरावे लागतात.

एका केंद्रावरच्या या फरकावरून अंतर कळते, दिशा कळत नाही. त्यासाठी किमान तीन केंद्रांभोवती आपापल्या अंतराची वर्तुळे नकाशावर काढावीत. ती क्वचितच एका बिंदूत मिळतात. बहुधा मध्ये छोटा त्रिकोण उरतो. मोजणीतल्या चुका हे त्याचे एक कारण असले, तरी काढलेले अंतर नाभीपर्यंतचे, म्हणजे जमिनीखाली भूकंप जेथे सुरू होतो त्या बिंदूपर्यंतचे, तिरपे अंतर असते, हेही दुसरे कारण आहेच. मोठ्या भूकंपात तर नाभी म्हणजे केवळ फाटण्याची सुरुवात. १९०६ मध्ये ती फाट शेकडो किलोमीटर धावली होती.

दुय्यम तरंगानंतर येणाऱ्या मोठ्या, संथ लाटा पृष्ठतरंगांच्या असतात. त्यांची ऊर्जा खोलवर न पसरता पृष्ठभागालगतच राहते, त्यामुळे अंतराबरोबर त्या सावकाश क्षीण होतात. दूरच्या जोरदार भूकंपाच्या आलेखात त्या जवळजवळ नसतीलच, तर नाभी शेकडो किलोमीटर खोल असण्याची शक्यता तपासावी.

आंदोलनाच्या उंचीवरून भूकंपाचे परिमाण, म्हणजे त्याचा मोठेपणा दाखवणारा आकडा, ठरवण्याची घाई करू नये. १९८५ मध्ये मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने ३५० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या मेक्सिको सिटीत मोठी हानी केली, कारण जुन्या सरोवराच्या मऊ चिकणमातीने सुमारे २ सेकंद आवर्तकालाची (एक हेलकावा पूर्ण होण्यास तेवढा वेळ घेणारी) आंदोलने कितीतरी पटींनी वाढवली. जवळच्या कठीण खडकावरील उपकरणांनी तोच भूकंप बराच सौम्य नोंदवला. म्हणून परिमाण काढताना प्रत्येक केंद्राखालच्या जमिनीची दुरुस्ती करून अनेक केंद्रांची सरासरी घ्यावी. परिमाणाच्या एका अंकाने आंदोलनाची उंची १० पट, तर ऊर्जा सुमारे ३२ पट बदलते, त्यामुळे येथे अर्ध्या अंकाची चूकही लहान नसते.