बुबुळ बदलायला जाताय? बॅग आधी भरा, चष्मा नंतर

भाऊ, केराटोकोनससाठी (बुबुळ पातळ होऊन टोकदार पुढे येतं तो आजार) बुबुळ बदलायचं ठरलं की पहिली तयारी फोनची, तो सायलेंटवर ठेवू नका. कॉर्निया, म्हणजे हेच बुबुळ, काही दुकानात मिळत नाही, कोणाचं तरी नेत्रदान होतं, आयबँक तपासते, मग हॉस्पिटलचा फोन येतो, आणि तुम्ही असता जळगावला न् हॉस्पिटल मुंबईला. त्यामुळे बॅग भरलेलीच पाहिजे: जुने पेंटाकॅमचे (बुबुळाचा आकार-जाडी मोजणारं मशीन) रिपोर्ट, शुगर-बीपीची फाईल, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार कार्ड आणि पुढून बटनं असलेले दोन-तीन शर्ट, कारण डोक्यातून काढायचा टी-शर्ट पट्टीला घासतो. आणि गल्लीत सगळे विचारतील "डोळा बदलला का?", तर डोळा नाही, फक्त पुढची काच बदलतात हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

डॉक्टरांना विचारून घ्या डाल्क (बुबुळाचे फक्त वरचे थर बदलणं) करणार की पूर्ण जाडीचं. डाल्कमध्ये आपला सगळ्यात आतला थर तसाच राहतो म्हणून त्या थराचं रिजेक्शन (शरीरानं परकं बुबुळ नाकारणं) होत नाही, पण ऑपरेशन चालू असताना तो थर फाटला तर तिथल्या तिथे पूर्ण बदलावं लागू शकतं. माझं तसंच झालं.

घरी आल्यावर ड्रॉप. स्टिरॉइडचा पांढरा ड्रॉप खाली बसतो, हलवूनच टाकायचा, दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं. मोबाईलला अलार्म लावा, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका, महिनोन्महिने चालतो आणि त्यानं डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून तपासणीही चुकवायची नाही. झोपताना शिल्ड (डोळ्यावरचं कडक झाकण), चोळणं कायमचं बंद (दुसरा डोळासुद्धा, आजार बहुतेक दोन्हीकडे असतो). मे महिन्यात कूलरचा झोत तोंडावर नको. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली तर कापसाच्या काड्यांच्या धुरापासून लांब बसा, मावशी ताट आणून देते. गोठ्यात तर जाऊच नका, जोडाची जागा मूळ बुबुळाइतकी पक्की कधीच होत नाही, शिंगाचा किंवा लहान पोराच्या हाताचा फटका काही वर्षांनीही महागात पडतो.

आता नजर. पट्टी निघाली की सगळं लख्ख दिसेल असं धरून बसू नका. मला पहिल्या दिवशी खिडकी दिसली, गज नाही. केसापेक्षा बारीक नायलॉनचे टाके असतात, माझे सोळा होते, ते बुबुळ ओढून धरतात म्हणून आज बरं दिसतं, उद्या धूसर, आणि हे वर्षभर चालू शकतं, टाके मोजून-मापून काढत जातात. मी खाटेवरून भिंतीवरचं कॅलेंडर एक डोळा झाकून रोज सकाळी बघायचो, आधी मोठे लाल आकडे, दिवाळीनंतर बारीक तिथी. एवढंच माप पुरे, दिवसातून दहादा नको. पण लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, एकदम धूसर होणं किंवा खडा टोचल्यासारखं वाटणं (टाका सैल झालेला असू शकतो), यातलं काहीही झालं तर लगेच फोन करून निघा, लग्न आहे का पोळा ते बघू नका, रिजेक्शन वेळेत सापडलं तर बऱ्याचदा ड्रॉपनं आवरतं.

चष्म्याचे पैसे मात्र बाजूला ठेवा आणि घाई करू नका, टाके निघाले की नंबर बदलतो, कधी चष्म्यानं भागत नाही मग कडक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लागते. मी तिसऱ्याच महिन्यात हौसेनं करून घेतला, तो आता कपाटात पडलाय, फ्रेम तेवढी चांगली आहे.